सात नंबरची नळी

१

ते साल एकोणीसशे त्र्याऐंशी. जीवाणूशास्त्र विभागात तेव्हा एकच डीप फ्रीझर होता आणि तो घरघरायला लागला की खालच्या मजल्यावरचे दिवे मिणमिणायचे. प्रबंध टाइपरायटरवर टाइप व्हायचे. गाइडचा शब्द हा शेवटचा शब्द असायचा. आज तरुण पोरांना हे सांगितलं तर ती हसतात. तेव्हा कुणी हसत नसे.

त्या सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि जंतू वाढवायला ठेवलेल्या बाराच्या बारा थाळ्या कोऱ्या निघाल्या.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक चष्मा पुसून पुन्हा वाकले. आदल्या दिवशी त्यांच्याच देखत फ्रीझरमधून बारा नळ्या काढल्या होत्या आणि त्यांतले जंतू औषध घातलेल्या थाळ्यांवर ओढले होते. त्या औषधाला हे जंतू पुरून उरतात, असं प्रबंधात लिहिलं होतं. प्रबंध जिचा, ती विद्यार्थिनी शेजारीच उभी होती. तिला सगळा विभाग ठिणगी म्हणायचा. नाव तिच्या फटकळ तोंडामुळे पडलं होतं.

"यावर काही उगवलेलं नाही," परीक्षक म्हणाले.

"दिसतंय मला," ठिणगी म्हणाली. "कुणीतरी माझे जंतू धुतलेत."

"जंतू धुतलेत?" तिचे गाइड, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, खिन्नपणे हसले. "अगं, निदान आज तरी असं बोलू नकोस."

तोंडी परीक्षा तिथेच थांबली. संध्याकाळपर्यंत 'बनावट' हा शब्द जिने उतरून कँटीनपर्यंत पोचला.

२

चौकशीला कुणीतरी बाहेरचं हवं होतं, पण फार बाहेरचं नको होतं. म्हणून कुलसचिवांनी बाईंना बोलावलं. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. विभागातले निम्मे लोक त्यांच्या हाताखाली शिकले होते आणि खुद्द सरही त्यांचेच विद्यार्थी होते.

कुलसचिवांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठिणगी बसली होती. तिच्या शेजारी एक प्रौढ स्त्री पर्स घट्ट धरून बसली होती. पोरीची ती आत्या. तिनेच पोरीला लहानाची मोठी केली होती.

"तुम्हीच का त्या सही करायला आलेल्या?" आत्यानं विचारलं.

"कसली सही?" बाई थबकल्या.

"आतमध्ये कागद तयार आहे म्हणतात. ही खोटारडी, असा. एकदा तो निघाला की हिला कुठलंच विद्यापीठ दारात उभं करायचं नाही. पाच वर्षं ही पोर डब्यात काय आहे ते न बघता जेवलीय हो! आमच्या घरात कुणी खोटं बोललं तर जेवायला वाढत नाही मी. आणि हे लोक मला सांगणार, ही खोटारडी?"

"आत्या, पुरे," ठिणगी म्हणाली.

"पुरे काय? तुझं तोंड नको तिथे चालतं आणि हवं तिथे मिटतं!"

बाई आत गेल्या. कागद खरंच तयार होता, खाली बाईंच्या नावासाठी रेघसुद्धा आखून ठेवली होती. बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. आपल्याला शहाणी म्हणून नाही, रबरी शिक्का म्हणून बोलावलंय, हे त्यांना कळून चुकलं.

"मुलीला आत बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि तो कागद माझ्यासमोरून उचला."

ठिणगी आत आली. कुलसचिव इतिहासाचे माणूस. त्यांना जंतूंमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"मला समजेल असं सांगा," ते म्हणाले. "धुतले म्हणजे काय?"

ठिणगीनं दीर्घ श्वास घेतला. "जंतूकडे औषध तोडणारं एक जनुक असतं, पण अगदीच कमजोर. दाराला एकच किरकोळ कुलूप असावं तसं. औषध वाढलं की बहुतेक जंतू मरतात. एखाद्यात मात्र त्याच जनुकाच्या दोन, चार, वीस प्रती होतात, एकापुढे एक. कुलूप तेच किरकोळ, पण वीस लावलेली. तो जगतो. माझा प्रबंध यावर आहे."

"बरं."

"पण चोर नसताना रोज वीस कुलपं कोण सांभाळणार? औषधाशिवाय वाढवले तर त्यांच्या पिल्लांमधून या प्रती गळून पडतात, पुन्हा एकच उरते. माझ्या नळ्यांमधले जंतू कुणीतरी साध्या ब्रॉथमध्ये, म्हणजे बिनऔषधाच्या खाद्यात, वाढवले आणि पुन्हा गोठवून ठेवले. दुसरं काय!"

कुलसचिवांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे घर रिकामं आहे, हाच चोरी झाल्याचा पुरावा?"

ठिणगीचं तोंड लाल झालं. बाईंना मात्र त्या माणसाचं कौतुक वाटलं. नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं त्यांनी. पोरीचा सिद्धांत खरा असेल तरच तिचा बचाव खरा, आणि सिद्धांतच तर कोऱ्या थाळ्यांनी खोटा ठरवला होता.

"ते चक्र मी तोडते," बाई म्हणाल्या. "फ्रीझरची किल्ली कुणाकडे असते?"

"सगळ्यांकडे," ठिणगी म्हणाली. "ड्रॉवरमध्ये पडलेली असते."

३

आधी सर.

त्यांच्या खोलीत पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली होती. जंतूंमधली औषधाला पुरून उरण्याची ताकद जनुकातल्या एकाच कायमच्या बदलातून येते, हे सर पंधरा वर्षं शिकवत आले होते. ठिणगीच्या भाषेत, वीस कुलपं वगैरे काही नाही, एकच कुलूप मुळातून भक्कम झालेलं. पाठ्यपुस्तकातला तो धडाही त्यांचाच.

"तिचा निष्कर्ष मला कधीच पटला नव्हता," सर म्हणाले. "तरी मी अडवलं नाही. विद्यार्थ्याला मोकळीक द्यावी, हे तुमच्याकडूनच शिकलो, बाई."

"माझ्याकडून बऱ्याच गोष्टी शिकायच्या राहिल्या असतील," बाई म्हणाल्या. "या बारा नळ्यांतले जंतू औषधावर वाढताना तू स्वतः पाहिले होतेस?"

"पाहिले होते. त्याशिवाय प्रबंधावर सही केली नसती."

"मग आता मेले कसे?"

"निष्काळजी हात. कुठेतरी भेसळ झाली असेल. मला वाईट वाटतं हो, हुशार पोर आहे."

ते वाईट वाटणं बाईंना आवडलं नाही. फार घडी घातलेलं होतं.

मग बुवा. ठिणगीच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा संशोधक विद्यार्थी. कुणी भांडलं की 'शांत व्हा, शांत व्हा' करत मध्ये पडायचा, म्हणून बुवा. विभागात व्याख्यात्याची एकच जागा निघाली होती आणि त्या जागेवर या दोघांचाच डोळा होता. ठिणगी गळाली तर जागा बुवाची, हे कँटीनमधल्या पोऱ्यालाही कळत होतं.

"तिच्या नळ्यांना तुझा हात लागला होता?" बाईंनी थेट विचारलं.

बुवाच्या कपाळावर घाम फुटला. "नाही... म्हणजे..."

"म्हणजे काय? हात तुझा, तुला माहीत नाही?"

"नाही लागला," बुवा म्हणाला, पण खिडकीकडे बघून.

तेवढ्यात दारातून ठिणगीचा आवाज आला. "खोटं बोलतोय हा! फ्रीझरपाशी मी पाहिलं होतं याला, माझ्याच नळ्यांचा डबा हातात घेऊन. मला बघितल्यावर म्हणाला, बर्फ काढतोय!"

"अगं, शांत हो ना जरा."

"तू शांत हो! तुझी नोकरी पक्की झाली, तूच शांत हो!"

४

बाईंनी तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि प्रयोगशाळेमागच्या पायऱ्यांवर बसवलं.

"रड हवं तर."

"मला रडू येत नाही, बाई. मला काहीतरी फोडावंसं वाटतंय."

"मलाही. पण काचसामान महाग आहे. मला सांग, बाराही नळ्या एकसारख्या होत्या का?"

ठिणगीनं आठवून पाहिलं. मग म्हणाली, "नाही. सात नंबर वेगळी होती."

"वेगळी कशी?"

"औषधाशिवाय वाढवून बघायची परीक्षा मी प्रबंधात तीनच नळ्यांवर केली होती. प्रबंध टाइप व्हायला गेला आणि मला चैन पडेना, म्हणून मग बाराही घेतल्या. अकरांनी ताकद गमावली. सात नंबरनं नाही. कितीही वाढवा, तशीच. सातमध्ये सर म्हणतात तसा कायमचा बदल झाला असणार. भक्कम कुलूप. बाराच्या घोळक्यात एक."

"हे कुणाला सांगितलंस?"

"सरांना. खूश होतील असं वाटलं. बाकी कुणाला नाही. ते म्हणाले, प्रबंध आता उसवू नकोस, तोंडी परीक्षेत सांग."

बाई उठल्या. गुडघे दुखत होते, पण त्यांना ते जाणवलं नाही.

"सात नंबर धुतली तर काय होईल?"

"काहीच नाही. ती धुतलीच जाणार नाही..." ठिणगीचं वाक्य अर्धवट राहिलं. "बाई, पण थाळी तर सातचीही कोरी होती!"

५

थाळ्यांचं खाद्य शिजवणाऱ्या काकांना बाईंनी सौम्य औषधाच्या थाळ्या ओतायला सांगितल्या. काका कुरकुरले, पण ओतल्या.

"औषध कुठून आणता?" बाईंनी विचारलं.

"सरांच्या कपाटातून. यंदा तुटवडा आहे ना, म्हणून ते स्वतःच तोलून देतात. मला हात लावू देत नाहीत. मी काय ते खाणार आहे?"

परीक्षेच्या दिवशी जंतू थाळीवर हलकेच ओढले होते. बाईंनी दाट थेंब घेतले, लाखो जंतूंचे, आणि पूर्ण थाळीभर पसरले. त्यांचं गणित सोपं होतं. वीस कुलपं काढून टाकणाऱ्या घोळक्यात एखादा आळशी असतोच, ज्याची दोन-तीन कुलपं राहून गेलेली असतात. सौम्य औषधावर तो जगेल आणि पुन्हा प्रती वाढवेल. पण ज्यांना जन्मापासून एकच कुलूप होतं, त्यांच्या घोळक्यातून जवळजवळ कुणीच जगणार नाही. तुलनेसाठी बाईंनी मूळ जंतूंची, म्हणजे ज्यांच्यापासून ठिणगीनं सुरुवात केली होती त्यांची, एक थाळीही ठेवली.

दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरचं दार बाईंनी स्वतः उघडलं. अकरा थाळ्यांवर जगलेल्या जंतूंचे ठिपकेच ठिपके होते. मूळ जंतूंची थाळी कोरी.

सात नंबरची थाळीही कोरी.

"धुतलेत," ठिणगी पुटपुटली. "खरंच धुतलेत. बाई, मी बरोबर होते!"

"अकरा धुतल्या," बाई म्हणाल्या. "सात धुतली जात नव्हती, म्हणून ती बदलली. तिच्या जागी मूळ जंतू भरले. पण सात खरोखर तशी होती, याला तुझ्या शब्दाशिवाय काय आधार आहे?"

ठिणगी काही बोलणार तोच मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बुवा उभा होता, चेहरा पांढराफटक.

"बाई, मी खोटं बोललो. मी तिच्या नळीतून चोरी केली होती."

६

ठिणगी त्याच्या अंगावर धावून गेली असती, पण मध्ये टेबल होतं.

"पूर्ण सांग," बाई म्हणाल्या.

"पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकासाठी मला औषधाला न मरणारे जंतू हवे होते. हिला मागितले असते तर हिनं आधी अर्धा तास भाषण दिलं असतं, म्हणून न विचारता थोडेसे खरवडून घेतले. जो नंबर वर होता तो."

"कुठला?"

"सात."

बाई त्याच्याजवळ सरकल्या.

"ते जंतू आहेत अजून?"

"आहेत ना. दर आठवड्याला पोरं वापरतात. बाई, खरं सांगू? औषध घालून ठेवायला हवं होतं, पण सरांच्या दारात उभं राहून औषध मागायचा कंटाळा. साध्या ब्रॉथमध्येच वाढवत आलो, अख्खं सत्र. तरी प्रात्यक्षिकाला अजून छान वाढतात. मला वाटलं, जंतूच दणकट आहेत."

ठिणगीनं आधी त्याच्याकडे, मग बाईंकडे पाहिलं. "इतका आळशी माणूस मी जन्मात पाहिला नाही," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. त्या प्रकरणात ती पहिल्यांदाच हसली.

बुवाचा आळस सगळ्यांना माहीत होता. तो असा कामी येईल, हे मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बुवानंच हे केलं असतं, तर सात नंबर वेगळी आहे हे त्याला ठाऊक असायला हवं होतं, आणि ठाऊक असतं तर प्रात्यक्षिकातले जंतू त्यानं सगळ्यांत आधी मारले असते. त्यानं तर ते पोरांच्या हातात दिले होते.

७

कुलसचिवांच्या खोलीत सर शांतपणे बसले होते. समोर ठिणगी आणि तिची आत्या होत्या. बाईंनी अकरा थाळ्या टेबलावर मांडल्या.

"या अकरा कुणीतरी औषधाशिवाय वाढवल्या," त्या म्हणाल्या.

"हो," सर म्हणाले. "मीच."

ठिणगी ताडकन उभी राहिली. आत्यानं तिचा हात घट्ट धरला.

"दरवर्षी मी फ्रीझरमधला साठा ताजा करतो," सर पुढे म्हणाले. "जुने जंतू वाढवायचे, नवीन नळीत भरायचे. यंदा हिच्या बाराही नळ्यांत औषध घालायचं विसरलो. चूक माझी. हिची माफी मागायला तयार आहे. पण विसरणं हा गुन्हा नाही."

कुलसचिवांनी सुटकेचा निःश्वास टाकला. किती सोयीचं होतं! पोरगी सुटली, सर सुटले, विद्यापीठ सुटलं. "छान. मग प्रश्न मिटला," ते म्हणाले.

"मिटला?" बाईंचा आवाज असा चढला की बाहेरचा शिपाई डोकावला. "परीक्षकांसमोर ही खोटी पडत होती, तेव्हा हा माणूस शेजारी उभा होता! तेव्हा नाही आठवलं? 'निष्काळजी हात' म्हणाला मला! कुणाचा हात रे? बरं, बाराही ताज्या केल्यास ना? सातसुद्धा?"

"बाराही. सांगितलं ना."

बाईंनी औषध घातलेल्या आणखी दोन थाळ्या ठेवल्या. एक कोरी. दुसरी जंतूंनी गच्च.

"ही कोरी, फ्रीझरमधली सात. ही गच्च, पहिल्या वर्षाच्या वर्गातली सात. बुवानं परीक्षेच्या आधी कधीतरी न विचारता नेली, आणि सत्रभर औषधाचा थेंबही न दाखवता वाढवली. औषध विसरल्यानं सात मरत नाही. ती कुणीतरी काढून तिथे दुसरे जंतू भरले. विसरून कुणी नळी बदलत नाही."

सरांनी गच्च थाळीकडे पाहिलं. ती अस्तित्वात आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

"सात वेगळी आहे हे हिनं फक्त तुला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि समज, दुसऱ्या कुणी नळ्या आधी धुऊन, मग तपासून हे शोधलं असेल, तर तपासायला औषध लागतं. ते तुझ्या कपाटात, तुझ्या तराजूवर. कुठल्याही रस्त्यानं जा, तुझंच दार येतं."

"पण सात तर त्यांच्याच बाजूची होती ना?" कुलसचिव गोंधळले. "तीच का बदलतील?"

"अकरा मेल्या आणि सात जगली, असं परीक्षकांना दिसलं असतं, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला असता: या दोन्हींत फरक काय? आणि तो फरक म्हणजेच हिचा प्रबंध. सातला गप्प बसवल्याशिवाय हिचा प्रबंध बनावट दिसत नव्हता." बाई सरांकडे वळल्या. "पंधरा वर्षं तू म्हणालास, हे असं होतच नाही. पण हिला बुडवायची वेळ आली तेव्हा कुठली युक्ती वापरलीस? जी फक्त हिचं म्हणणं खरं असेल तरच चालते. तुला पटलं होतं. इमारतीत सगळ्यांच्या आधी तुला पटलं होतं!"

सरांनी गच्च थाळी हळूच दूर सारली.

"माझा धडा तीन पिढ्यांनी पाठ केलाय, बाई," सर शेवटी म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "काल आलेली पोर..."

"पाच वर्षांपूर्वी आलेली," आत्या म्हणाली. "आणि तिला नाव आहे."

८

पुढे जे झालं ते लिहितानाही हात गरम होतो.

बाईंचा अहवाल दोन पानांचा होता. विद्यापीठानं त्यावर 'गोपनीय' लिहिलं आणि तो कपाटात घातला. बाहेर सांगितलं, तांत्रिक कारणांमुळे परीक्षा पुढे ढकलली होती. परीक्षक पुन्हा आले, अकरा थाळ्यांवर जंतू पुन्हा ताकद कमावताना त्यांनी स्वतः पाहिले, आणि ठिणगीला पदवी मिळाली. पदवीदानाला ती गेली नाही. प्रमाणपत्र टपालानं घरी आलं. ते आत्यानं उघडलं आणि शेजारपाजारी स्वतः दाखवून आली.

सर रजेवर गेले आणि परत आले. त्यांचा धडा पुढच्या आवृत्तीत दोन पानांनी वाढला. त्या दोन पानांत वीस कुलपांची गोष्ट होती, जणू ती त्यांना आधीपासूनच माहीत होती. निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची तसबीर विभागाच्या व्हरांड्यात लागली.

व्याख्यात्याची जागा बुवाला मिळाली, कारण ठिणगीनं अर्ज मागे घेतला. पुढे तो प्राचार्य झाला. दरवर्षी नव्या मुलांना तो आपल्या चोरीची आणि आळसाची गोष्ट सांगायचा, सरांचं नाव न घेता. ठिणगीला ते कधी आवडलं नाही. "नाव घे ना," ती म्हणायची. तो म्हणायचा, "शांत हो." तरी दोघांची मैत्री टिकली. काका वयोमानानुसार घरी बसले. कुलसचिव इतिहासाकडे परतले.

बाई फार वर्षं जगल्या. जुने सहकारी भेटले की म्हणत, सोडून द्या हो आता, माणूस गेला. बाई म्हणत, माणूस गेला, कागद आहे ना कपाटात? दरवर्षी त्या नव्या कुलसचिवांना जाऊन भेटायच्या, तोच कागद मागायच्या आणि रिकाम्या हातानं परत यायच्या. त्या गेल्यावर हे काम आत्यानं उचललं. आत्याला सोडून द्यायला सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

ठिणगी दुसऱ्या शहरात गेली, स्वतःची प्रयोगशाळा उभारली, औषधाला न मरणाऱ्या रोगजंतूंवर काम करून मोठी झाली. तिचे केस पांढरे झाल्यावर विद्यापीठाला तिची आठवण आली. व्हरांड्यात सरांच्या शेजारी तिची तसबीर लावायची असं ठरलं. आमची विद्यार्थिनी, आमची कीर्ती.

तिनं फोनवर एकच अट घातली. तसबिरीखाली बाईंची ती दोन पानं लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येतील अशी.

पलीकडून उत्तर आलं, विचार करून कळवतो.

अजून विचार चालू आहे. सरांच्या तसबिरीशेजारी भिंतीत खिळा मात्र ठोकून ठेवलेला आहे.